सहाव्यांदा सुरुवात करू नका

वाचकाचे पत्र

ताई,

जून 2019 मध्ये ‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेमची घोषणा झाली तेव्हा मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच खोलीत बसून तो पहिला ट्रेलर पुन्हा पुन्हा पाहत होतो. पुढची जवळपास दोन वर्षे नवे असे काहीच पाहायला मिळाले नाही, तरी आमचे बोलणे थांबले नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये गेम आला तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. भाऊ नोकरीसाठी दुसरीकडे होता. त्याने तो महिन्याभरात संपवला. मी ठरवले, आपण सवड झाली की नीट खेळू. आई गेल्या वर्षी गेली. आता मला रोज रात्री तासभर मिळतो, पण चार महिन्यांत मी पाच वेळा पहिल्यापासून सुरुवात केली आहे. पहिल्यांदा सामुराई हे पात्र घेतले आणि जादू सोपी पडते असे वाचून सोडले. दुसऱ्यांदा सुरुवातीची भेटवस्तू चुकीची निवडली असे कळले. तिसऱ्यांदा चुकून बटण दाबले गेले आणि चर्चमधला फेरीवाला माझ्यावर उलटला. चौथ्यांदा इरीना नावाच्या आंधळ्या मुलीचे पत्र तिच्या वडिलांना दिले, किल्ल्यातले काम आटोपून परत आले, तर ती मेलेली होती. वाटेत इकडेतिकडे भटकले नसते तर ती वाचली असती असे वाटून मी ती फाइल, म्हणजे तोवरचा साठवलेला खेळ, पुसून टाकली. आता पाचव्या फाइलवर अकरा तास झाले आहेत, मार्गिट या पहिल्या मोठ्या शत्रूपाशी अडकले आहे, आणि काल एका व्हिडिओत पाहिले की त्या चर्चमध्ये जी चेटकीण भेटते ती मला भेटलेलीच नाही. पुन्हा सुरुवात करावीशी वाटते. भाऊ म्हणतो, ‘ताई, मी सांगतो तसे खेळ.’ ज्याची एवढी वाट पाहिली तो खेळ मला खेळता येत नाही. सोडून द्यावा का?

पाच वेळा सुरुवात केलेली

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

खेळ सोडू नका, आणि सहाव्यांदा सुरुवातही करू नका. पाचवी फाइल तुमची आहे आणि ती पुढे न्यायची आहे. एवढे सांगून मी थांबू शकले असते. पण तुम्ही दिलेली पाचही कारणे मी एका कागदावर लिहून काढली, एकेक तपासले, आणि त्यातून जे दिसले ते तुमच्यापर्यंत पोचणे आवश्यक वाटते. ज्या पाच गोष्टींसाठी तुम्ही पुन्हा सुरुवात केली किंवा करू पाहता, त्यांपैकी चार गोष्टी त्याच फाइलमध्ये भरून निघण्यासारख्या होत्या, आणि उरलेली एक कोणाच्याही हातात नव्हती.

सामुराईपासून सुरू करते. या गेममध्ये दहा क्लास, म्हणजे सुरुवातीला निवडायची पात्रे, आहेत, आणि क्लास निवडताना जी घालमेल होते ती मी चांगली ओळखते, कारण त्या पडद्यावर मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. परंतु क्लासमुळे ठरते ते इतकेच, की तुमच्या अंगावर पहिल्या दिवशी कोणते कपडे असतील, हातात कोणते शस्त्र असेल आणि गुण कुठे थोडे जास्त, कुठे थोडे कमी असतील. त्यानंतर कोणतेही दार बंद होत नाही. सामुराईने इंटेलिजन्स हा गुण वाढवला आणि हाती जादूची काठी घेतली की तो मंत्र टाकू शकतो, आणि जादू करणाऱ्या अ‍ॅस्ट्रॉलॉजरने ताकद वाढवली तर तो अवजड तलवारही पेलू शकतो. शिवाय पुढे लिउर्निया प्रदेशातल्या अकादमीतल्या राणीला तुम्ही हरवलेत की एका विशिष्ट वस्तूच्या बदल्यात सगळे गुण काढून नव्याने वाटता येतात. ती वस्तू मोजकीच मिळते, पण एकदोनदा मन बदलणाऱ्याला पुरून उरते. तुमचा पहिला सामुराई तुम्हाला आवडत होता, असे तुमच्या पत्रावरून वाटते. त्याला सोडण्याचे कारण दुसऱ्या कोणाच्या तरी लेखातून आले.

भेटवस्तूचे तर मनावर घेण्यासारखेही नाही. पहिल्या पाचसहा तासांनंतर तिचा फरक जाणवत नाही.

फेरीवाल्याच्या बाबतीत तुमचे वाईट वाटणे मला पटते, कारण चर्च ऑफ एलेमध्ये शेकोटीपाशी बसलेला तो माणूस त्या उजाड जगात तुमच्याशी शांतपणे बोलणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक असतो, आणि त्याच्यावरच आपला हात उचलला जावा हे कोणालाही लागेल. पण या जगात क्षमेची सोय आहे. लिउर्नियातल्या चर्च ऑफ व्हाऊज या ठिकाणी सेलेस्टियल ड्यू नावाची वस्तू अर्पण केली की उलटलेली माणसे पुन्हा पूर्ववत होतात. तो मारला गेला असता तरी त्याच्यापाशी एक घंटा सापडली असती, आणि ती राउंडटेबल होल्ड या सुरक्षित तळावर नेऊन दिली की त्याचा माल तिथे विकत मिळू लागतो. माल मिळतो, माणूस मिळत नाही, हे खरे आहे आणि ते तसेच असावे. पण फाइल पुसण्याइतके काही बिघडलेले नव्हते.

चेटकिणीचे पाहू. तुम्हाला टॉरेंट हा घोडा मिळाला असेल तर आज रात्री त्या चर्चमध्ये एक फेरी मारा. बहुधा ती तिथे भिंतीवर बसलेली आढळेल. न आढळल्यास ती जी घंटा आणि जे लांडगे देते ते राउंडटेबल होल्डमधल्या जुळ्या वृद्धांकडे थोड्या रून्सना, म्हणजे या जगातल्या चलनाला, मिळतात. त्या व्हिडिओत कदाचित हेही सांगितले असेल, परंतु ‘हे तुमच्याकडून सुटले’ एवढे वाक्य कानावर पडले की पुढचे ऐकण्याच्या मनःस्थितीत आपण नसतो.

इरीनाचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता.

तुम्ही लिहिता की वाटेत भटकला नसतात तर ती वाचली असती. हे खरे नाही, आणि हे मी तुम्हाला धीर यावा म्हणून म्हणत नाही, तर गेमची रचनाच तशी आहे म्हणून सांगते. ‘एल्डन रिंग’मध्ये माणसांच्या कथा घड्याळावर चालत नाहीत, त्या तुम्ही कोणाशी बोललात, कोणाला हरवले आणि कुठवर पोचलात यांवर पुढे सरकतात. तुम्ही तळ्याकाठी तीन रात्री फुले वेचत घालवल्या असत्या तरी इरीना त्या पुलाजवळच्या रस्त्याकडेला तशीच बसून राहिली असती. आणि तुम्ही वाऱ्याच्या वेगाने घोडा पिटाळत दक्षिणेचा किल्ला गाठला असता, तिच्या वडिलांच्या हाती पत्र ठेवले असते, किल्ल्यातला तो सिंहमुखी राक्षस पहिल्या फटक्यात लोळवला असता, तरीही परत आल्यावर तुम्हाला तेच दिसले असते जे दिसले. तिला वाचवण्याचा मार्ग या गेममध्ये ठेवलेलाच नाही. माझ्या बाबतीतही ती मेली, तुमच्या भावाच्या बाबतीतही मेली असणार. त्याला विचारा.

तुमच्या पत्रात आईच्या आजारपणाची ओळ आणि इरीनाची ओळ यांत फार अंतर नाही. त्या दोहोंचा संबंध जोडण्याचा मला अधिकार नाही आणि मी जोडत नाही. मात्र जी फाइल तुम्ही पुसली ती एक मुलगी उशिरामुळे गेली या समजुतीने पुसली, आणि ती समजूत चुकीची होती, हे माझ्याकडून तुम्हाला स्पष्ट शब्दांत ऐकायला मिळावे असे वाटले म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

आता थोडे या खेळाच्या स्वभावाविषयी. बहुतेक मोठ्या गेममध्ये एखादा प्रसंग मनासारखा झाला नाही की आपण जुना सेव्ह उघडतो आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुढे निघतो. हा गेम बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने ही सोय काढून घेतली आहे. इथे गेम स्वतःच सतत सेव्ह करत राहतो, तुम्ही टाकलेले पाऊल टाकलेलेच राहते, आणि मागे जाण्याची फट राहत नाही. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांच्या देखरेखीखाली झालेल्या अनेक खेळांत हे सूत्र आढळते. आपल्यासारख्या वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या माणसाला ते सर्वांत जड जाते, कारण वाट पाहता पाहता आपण मनात एक खेळ तयार केलेला असतो, ज्यात आपण काहीच चुकवत नाही, प्रत्येक माणूस भेटतो, प्रत्येक पेटी उघडते. प्रत्यक्षातली फाइल त्या मनातल्या फाइलशी जुळेनाशी झाली की मागे जाण्याचा एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे सगळे पुसणे. तुम्ही आळशीपणाने किंवा धरसोड वृत्तीने पाच वेळा सुरुवात केली असे मला मुळीच वाटत नाही. ज्या खेळाने तुमच्यापासून मागचे दार काढून घेतले, त्याला तुम्ही तुमच्या परीने एक दार पाडून घेतले.

परंतु त्याची किंमत पाहा. पाच फाइली मिळून तुम्ही कितीतरी तास या खेळाला दिले, आणि ते सगळे तास लिमग्रेव्ह या पहिल्या प्रदेशात व त्याच्या दक्षिणेच्या द्वीपकल्पात गेले. सुरुवातीलाच आडवा येणारा तो सोन्याचा घोडेस्वार तुम्हाला पाच वेळा पहिल्यांदाच दिसला. मार्गिट ज्याची वाट अडवतो त्या स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या पलीकडची कडा ओलांडली की खाली धुक्यात पसरलेला सरोवरांचा प्रदेश जो समोर येतो, तो मात्र तुम्ही एकदाही पाहिलेला नाही. पहिली वेळ जपण्याच्या धडपडीत तुमच्या पुष्कळशा पहिल्या वेळा अजून यायच्याच राहिल्या आहेत.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. गेम हाती आल्यावर तिसऱ्या की चौथ्या रात्री मी अघील तळ्याच्या पश्चिमेला जळक्या अवशेषांत फिरत होते. एक जिना खाली तळघरात जात होता, तिथे पेटी होती, आणि पेटी दिसली की उघडायची हे या प्रकारच्या खेळांनी आपल्याला शिकवलेलेच असते. मी उघडली. पेटीतून धूर निघाला, पडदा पांढरा झाला, आणि डोळे उघडले ते एका खाणीत, जिथले कामगार माझ्या तलवारीला दादही देत नव्हते. नकाशा उघडला तर मी पूर्वेच्या कुठल्यातरी कोऱ्या भागात होते, आणि खाणीतून बाहेर पडेपर्यंत एका ग्रेसवरून, म्हणजे विसाव्याच्या जागेवरून, दुसऱ्या ग्रेसवर उडी मारण्याची सोयही बंद होती. मी त्या रात्री नऊ वेळा मेले. दहाव्यांदा भिंतीला चिकटून, एकाही कामगाराशी न भिडता, केवळ पळत सुटले आणि उजेडात आले, तर वर तांबडे आकाश आणि खाली सडलेली जमीन. मला वाटले, आपण खेळाच्या शेवटी पोचलो आणि काहीतरी भयंकर बिघडवले. त्या क्षणी माझ्या हातून फाइल पुसली जाणे अगदी शक्य होते. मी ती पुसली नाही, कारण तेवढ्यात झोपेची वेळ टळून गेली होती, आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावर मला फक्त तिकडे परत जावेसे वाटत होते. आज त्या गेममधल्या पुष्कळ लढाया माझ्या लक्षात नाहीत. ती खाण अजून जशीच्या तशी आठवते. मी आधी गाइड पाहिले असते तर त्या पेटीला हात लावला नसता.

म्हणून गाइडविषयी माझे मत स्पष्ट आहे, आणि ते थोडे कडक आहे. नियम समजून घेण्यासाठी वाचा. एखाद्या शस्त्रापुढे असलेल्या अक्षरांचा अर्थ काय, अंगावर किती वजन झाले की लोळण जड होते, कोणता गुण वाढवला की काय वाढते, या गोष्टी गेम नीट समजावत नाही आणि त्या बाहेरून शिकण्यात काही गैर नाही. पण कुठे काय आहे, कोण कधी भेटते आणि पुढे त्याचे काय होते, हे वाचू नका, आणि ‘पहिल्या दहा तासांत या गोष्टी चुकवू नका’ अशा शीर्षकाचे व्हिडिओ तर उघडूही नका. त्यांच्या शीर्षकातच तुमच्या दुखण्याचे मूळ आहे.

याचा अर्थ काहीच सुटणार नाही असा नाही. सुटेल, आणि बरेच सुटेल. या गेममध्ये कामांची यादी ठेवणारी वही नाही. प्रकाशनानंतर मार्च 2022 च्या अपडेटमध्ये भेटलेल्या माणसांची खूण नकाशावर दिसू लागली, तेवढाच आधार. एखाद्याचे बोलणे अर्धवट ऐकून पुढे गेलात तर त्याची कथा तुमच्याविना दुसरीकडे सरकते आणि कधी कधी संपूनही जाते. हे नुकसान खरे आहे, त्याला मी खोटे म्हणणार नाही. त्यावर उपाय म्हणून कंट्रोलरशेजारी एक छोटी वही ठेवा. माझ्या वहीतल्या पहिल्या पानावर अशा नोंदी आहेत: ‘पुलाजवळ आंधळी मुलगी, पत्र, दक्षिणेचा किल्ला.’ ‘उत्तरेला खड्ड्यात अडकलेला मोठा रांजण, बोलतो, मागून मारा म्हणतो.’ ‘रस्त्याकडेला झुडूप हाक मारते, झाडावर वार केला, आतून माणूस निघाला, नाव बॉक.’ ही तीन वाक्ये लिहायला मिनिटही लागले नसेल. पण जो खेळ वही ठेवत नाही त्याची वही आपण लिहू लागलो की तो प्रदेश हळूहळू आपला होत जातो, आणि सुटलेल्या गोष्टींऐवजी भेटलेल्या गोष्टींची मोजदाद सुरू होते. तुम्ही आजवर कोणाकोणाला भेटलात ते पाचव्या फाइलसाठी आठवून लिहून काढा. यादी तुम्हाला वाटते त्यापेक्षा लांब निघेल.

आता मार्गिट. ग्रेसमधून निघणारी सोनेरी रेघ तुम्हाला थेट त्याच्या पुढ्यात नेऊन उभी करते, त्यामुळे नवख्याला वाटते की आपण इथे आता जिंकायलाच हवे. ती रेघ दिशा दाखवते, वेळ सांगत नाही. मार्गिटचा सगळा डाव थांबण्यात आहे: तो काठी उचलतो, ती हवेत धरून ठेवतो, आणि तुम्ही घाईने लोळण घेऊन उठता तेव्हा ती खाली आणतो. काठी वर गेल्यावर नव्हे, ती खाली येऊ लागल्यावर हलायचे, हे बोटांना पटायला वीसपंचवीस मरणे सहज लागतात. ती मरणे वाया जात नाहीत. रून्स मात्र जातात, म्हणून त्याच्याकडे जाण्यापूर्वी जवळचे रून्स खर्च करून रिकाम्या हाताने जा.

त्याहून बरे म्हणजे सध्या त्याला पाठ दाखवा. चौथ्या फाइलमध्ये तुम्ही दक्षिणेच्या द्वीपकल्पात गेला होता. पाचवीत अजून गेला नसाल तर आता जा, आणि या वेळी सावकाश जा. तिथे पडक्या अवस्थेतली तीन चर्च आहेत आणि तिन्हींमध्ये एकेक सेक्रेड टिअर आहे, ज्याने तुमच्या औषधाच्या बाटलीचा गुण वाढतो. लेव्हल वाढवताना आधी व्हिगर, म्हणजे जीव किती टिकतो ते ठरवणारा गुण, वाढवा. सुरुवातीच्या खेळाडूंचा जीव फार लवकर जातो तो बहुतेक वेळा याच एका दुर्लक्षामुळे. आणि तलवारीकडे पाहा. फेरीवाला बसतो त्या चर्चमधल्या ऐरणीवर साधे शस्त्र तीन पायऱ्यांपर्यंत वाढवता येते, त्याला पहिल्या प्रतीचे बारा स्मिदिंग स्टोन लागतात, आणि ते लिमग्रेव्हच्या खाणींत व भटकताना मिळतात. चार लेव्हल वाढवून जो फरक पडत नाही तो या बारा दगडांनी पडतो. इतके झाले की मार्गिटकडे परत जा. तेव्हाही नको वाटले तर किल्ल्याच्या बाजूने कड्यावरून पुढच्या प्रदेशात जाणारी एक वाट आहे; ती शोधण्याचे काम तुमच्यावर सोडते.

तुमच्याकडे रात्रीचा एक तास आहे, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट. ऑनलाइन असो वा नसो, या गेममध्ये मेनू उघडला तरी जग थांबत नाही, त्यामुळे मध्येच उठावे लागले तर कंट्रोलर खाली ठेवू नका, सरळ मेनूतून बाहेर पडा. परत आलात की जिथे होता तिथेच असाल. तासाभरात एखादा बॉस मारलाच पाहिजे असे ठरवून बसू नका. एखाद्या रात्री फक्त एका टेकडीवर जाऊन पुढचा दगडी स्तंभ शोधायचा आणि नकाशाचा तेवढा तुकडा उघडायचा, एवढेच काम ठेवा. मोठ्या जगात रोज थोडे चालणाऱ्याचे काही बिघडत नाही. हे जग महिनाभरात संपवलेल्यांपेक्षा तुम्हाला ते जास्त काळ सोबत करेल, आणि याचा मला तुमच्यासाठी मनापासून आनंद आहे.

राहिला भाऊ. तो ‘मी सांगतो तसे खेळ’ म्हणतो त्यात प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही. 2019 पासून तुम्ही दोघांनी मिळून जे वाट पाहणे केले, त्याचा शेवट त्याला एकट्याने करावा लागला. कदाचित ते त्यालाही खुपत असेल, आणि तुम्हाला वाट दाखवून तो उशिरा का होईना, तुमच्याबरोबर खेळू पाहत असेल. त्याला नाही म्हणू नका, पण त्याचे काम बदला. त्याला सांगा, ‘मी विचारल्याशिवाय काही सांगू नकोस, मी काय पाहिले ते मी तुला सांगत जाईन, आणि तिथे तुझे काय झाले होते ते तू मला सांग.’ आठवड्यातून एकदा असा फोन झाला तरी पुरे. त्याला सगळे ठाऊक आहे, पण पहिल्यांदा पाहताना काय वाटले होते ते त्याच्या आठवणीतून पुसट होत चालले असेल. ते तुमच्या तोंडून ऐकताना त्यालाही पुन्हा मिळेल. तुम्हा दोघांचे कन्सोल एकाच प्रकारचे असतील आणि ऑनलाइन खेळण्याची सोय असेल, तर दोघांनी एकच पासवर्ड घालून तुम्ही त्याला तुमच्या जगात बोलावूही शकता. त्याची लेव्हल कितीही असली तरी तुमच्या जगात त्याची ताकद तुमच्या बेताने उतरवली जाते. मात्र हे मार्गिटला हरवल्यानंतर करा. तो पहिला विजय तुमचा एकटीचा असू द्या, तुम्ही त्यासाठी पुरेसे थांबला आहात.

आज रात्रीचे सांगते. पाचवी फाइल उघडा. मार्गिटकडे जाऊ नका. चर्चमध्ये डोकावून चेटकीण आहे का ते पाहा, आणि मग घोड्यावरून पूर्वेकडे निघा, तळे मागे टाकून, मिस्टवुड नावाच्या दाट जंगलापर्यंत. झाडांत एक प्रचंड अस्वल फिरत असते, त्याच्यापासून लांब राहा. जंगलात एक जुनी गोल दगडी इमारत आहे आणि तिच्या आत खाली जाणारी लिफ्ट. लिफ्टवर उभे राहा आणि ती थांबेपर्यंत कॅमेरा समोर ठेवा. ती बराच वेळ खाली जाते, इतका की काही बिघडले असे वाटेल, बिघडलेले नसते. तिथे काय आहे ते मी लिहीत नाही, आणि भावालाही विचारू नका. पाहून झाले की वेळ कितीही झाली असो, त्याला फोन करा.

तुमची,
सल्लागार ताई